शकुनकाकूंनी शिकवलेल्या हाका

बास्केटबॉलची मॅच बघताना, जिच्या हातात बॉल नाही त्या पोरीकडे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? खरं सांगा. बास्केट पडली की टाळ्या, बॉल रिंगला लागून उडाला की अरेरे. पण समोरची उंच पोरगी रिंगपर्यंत पोचलीच नाही, कडेच्या रेषेला अडकली, वैतागून बॉल दुसरीकडे फेकून मोकळी झाली, हे कुणामुळे? तिच्यापुढे गुडघे वाकवून, हात पसरून, खेकड्यासारखी सरकणारी एक होती. तिचं नाव विचारायला कुणी थांबत नाही. पेपरातल्या बातमीतही ती नसते.

शकुन सबनीस यांनी आयुष्यभर असल्याच पोरी घडवल्या.

मूळच्या मिरजेच्या. कॉलेजच्या टीममध्ये सगळ्यांत बुटक्या, म्हणून बेंचवर बसवलेल्या. बसून बसून कंटाळल्या आणि एक दिवस सरांना म्हणाल्या, "मला बास्केट टाकता येत नाही ना, ठीक आहे. मी दुसरीला टाकू देत नाही." तेव्हापासून ज्या उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच. लग्न झालं ते बँकेतल्या मधुकर सबनीसांशी. बदल्या होत होत नवरा-बायको कोलकात्याला आले, बेहालात भाड्याने राहिले. पुढची बदली बढतीसकट नाशिकची निघाली तेव्हा मधुकरराव पेढे घेऊन घरी आले आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही जा. माझ्या पोरींची स्पर्धा आहे." मधुकररावांनी पेढे शेजारी वाटले, नाशिक नाकारलं आणि निवृत्तीपर्यंत कोलकात्यातच मुक्काम ठोकला. बढती गेली. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त पेढे म्हटलं की हसायचे.

पोरी म्हणजे कोलकात्याबाहेरच्या बजबजच्या. ज्यूटमिलच्या लाईनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, राहणाऱ्या. तिथे मैदानं आहेत, पण मैदानांवर फुटबॉल, आणि फुटबॉलवर पोरांचा कब्जा. बास्केटबॉलची रिंग म्हणून कुठे नाही. शाळेच्या एका स्पर्धेत शकुनकाकूंनी टुम्पा मंडलला कबड्डी खेळताना बघितलं. काटकुळी, पण समोरची कुठे जाणार हे तिला आधी कळायचं. काकू तडक तिच्या घरी गेल्या. आई मिलमध्ये पाळीला निघाली होती. तुटक्या बंगालीत काकूंनी सांगितलं, "मुलगी माझ्याकडे द्या. गाडीत मी स्वतः बसवून देईन." आईने वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, म्हणाली, "अंधार पडायच्या आत." ठरलं. टुम्पामागून रेश्मा आली, झुमुर आली, मग चाळीच्या चाळी. बजबजहून लोकलने माजेरहाट, तिथून मेट्रोने बेहाला, आणि बेहालातल्या एका क्लबचं सिमेंटचं कोर्ट. परतताना काकू माजेरहाटच्या फलाटावर उभ्या, गाडी हलेपर्यंत.

त्या शिकवायच्या तेव्हा रस्त्यावरची माणसं फाटकाच्या गजांना नाक लावून उभी राहायची.

"बस! अजून खाली! अगं, खुर्चीत बसायला गेलीस आणि कुणी खुर्ची ओढली, तिथे थांब!"

"डोळ्यांत बघू नकोस, डोळे फसवतात. बॉलकडे बघू नकोस, बॉलही फसवतो. बेंबीकडे बघ! बेंबी जाईल तिकडेच बाई जाते."

"हात मारू नकोस गं! पाय हलवायचा कंटाळा, म्हणून हात मारतेस. आळशी कुठली!"

हे सगळं मराठीत, बरं का. सुरुवातीला नाइलाज होता. डोकं तापलं की बाईंची बंगाली पळून जायची. पण एका मॅचमध्ये झुमुर चुकून "भिंत!" असं ओरडली आणि टुम्पा बरोब्बर बाजूने निसटली. बचाव करणारीची वाट अडवायला समोरच्या टीमची एखादी पोरगी मध्ये घट्ट उभी राहते, तिला काकू भिंत म्हणायच्या. समोरच्यांना काही कळलंच नाही. काकूंचे डोळे चमकले. भर कोलकात्यात आपल्याला एक फुकटचं हत्यार मिळालंय, हे त्यांना त्या दिवशी उमगलं.

मग त्यांनी ठरवून हाका बसवल्या. "भिंत डावी", "भिंत उजवी". "कडेला", म्हणजे तिला रेषेकडे रेट. "सोड", म्हणजे तुझी सोडून दे, माझी घे. खरं तर 'बदल' सोपा होता, पण 'बदल' अख्ख्या शहराला कळला असता. बजबजच्या पोरी "भिंत डाबी!", "शोड!" असं घसा फोडून ओरडायच्या आणि काकूंना मिरजेच्या वेशीत शिरल्यासारखं वाटायचं. उंच, पैसेवाल्या शाळांच्या टीमा या पोरींपुढे रडकुंडीला यायच्या. बॉल हातात आहे, पण जायला वाट नाही.

सरावाची पद्धतही काकूंचीच. पोरींना हाका देणारीकडे पाठ करून उभं करायचं. मागून हाक आली की पाय हलला पाहिजे. "विचार घरी जाऊन करा. इथे शब्द आला की पाय!" वर्षानुवर्षं हेच. शब्द कुणाचा, हे बघायला त्यांनी एकीलाही शिकवलं नाही. कशाला शिकवतील? मैदानात मराठी बोलणारं दुसरं होतंच कोण?

एक होती. गौरी.

गौरी म्हणजे आपल्या मराठी मंडळातल्या केदारची मुलगी. केदार आयटीतला, बेहालातच नव्या फ्लॅटमध्ये राहणारा. पोरगी कोलकात्यात जन्मलेली. लहान असताना "काकू, मला भूक लागला" म्हणायची आणि घरात इंग्रजीत भांडायची. केदारनेच हात जोडून आणून सोडली. "हिच्या कानावर मराठी तरी पडेल, वहिनी." पडली, चांगलीच पडली. पुण्याची आजी फोनवर तक्रार करायची, "अरे केदार, ही मुलगी माझ्याशी हुकूम सोडल्यासारखी का बोलते? सरक, बस, कडेला हो!" काकू हे सांगताना पोट धरून हसायच्या.

गौरीचे पाय मंद होते, पण आवाज खणखणीत. ती मोठी झाली तशी काकूंनी तिला पोरींच्या मागे हाका द्यायला उभं केलं. रोज संध्याकाळी कोर्टावर तिचाच आवाज. "भिंत डावी! सोड! कडेला, कडेला!" टुम्पाचे पाय गौरीच्या आवाजावर वाढले म्हणा ना.

मग क्लबच्या कोर्टावर अकॅडमी आली. चकाचक कपडे, स्वतःची बस, बाहेरून आणलेला कोच. त्यांनाही संध्याकाळच हवी. क्लबचे सेक्रेटरी दिलीपदा म्हणाले, "दीदी, एक मॅच खेळा. जिंकेल त्याची संध्याकाळ, हरेल त्याची दुपार." दुपार म्हणजे काय, तर पोरी शाळेत आणि सिमेंटवर पाय भाजणारं ऊन. दुपार म्हणजे कोर्ट नाहीच.

मधुकरराव म्हणाले, "अगं, हक्काचं कोर्ट पणाला का लावतेस? अर्ज करू, चार लोकांना भेटू."

"अर्ज हरणाऱ्यांनी करायचे. हरणार कोण आहे?"

ताठा म्हणाल तर होताच. तो नसता तर बुटकी बाई कोर्टावर उभीच राहिली नसती.

गौरी त्या दिवसांत यायची बंद झाली होती. सेमिस्टर आहे म्हणाली. मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "काकू, कशा आहात? तयारी कशी चाललीय?" काकू थालीपीठ थापत होत्या, फोन खांद्याशी धरून सगळं ओतत गेल्या. अकॅडमीची सेंटर, ती रिंगखाली खेळणारी उंच पोरगी, कशी आहे, टुम्पाला मध्ये कशी ठेवणार, रेश्मा आणि झुमुर कुठल्या क्षणी 'सोड' करणार. गौरी हं हं करत होती. शेवटी काकू म्हणाल्या, "उद्या ये हं, तू असलीस की पोरींना धीर येतो."

"येणार आहे काकू," गौरी म्हणाली.

आली. निळ्या टी-शर्टात. अकॅडमीच्या बेंचवर, कोचच्या शेजारी.

काकूंना आधी वाटलं, पोरगी चुकून तिकडे बसलीय. त्यांनी हात हलवून "अगं, इकडे!" असं बोलावलंसुद्धा. गौरीने मान खाली घातली. टुम्पा बुटाची नाडी बांधता बांधता थांबली. "शकुनदी, गौरीदी ओदिके केनो?" गौरीदी तिकडे का, हे तिचं विचारून होतंय तोच शिट्टी झाली.

पहिला डाव सगळा बजबजचा. टुम्पाने त्यांच्या सेंटरला असं चिकटून धरलं की ती पोरगी रेफरीकडे बघून हात पसरायला लागली. काकू रेषेवर उकिडव्या बसल्या होत्या, मांडीवर थापा मारत. मागे मधुकरराव पाण्याच्या बाटल्या धरून उभे.

मग तो आवाज आला.

"सोड!"

टुम्पाने सोडली. रेश्मापुढची पोरगी घ्यायला वळली. पण रेश्मा जागेवरच होती, तिने हाक दिलीच नव्हती. एकीवर दोघी, आणि त्यांची सेंटर मोकळ्या वाटेने रिंगखाली. बास्केट.

"तू का ओरडलीस?" टुम्पा रेश्मावर डाफरली.

"मी कुठे ओरडले?"

काकूंना कळलं होतं. बजबजची एकही पोरगी 'स' असा स्वच्छ म्हणत नाही. त्यांनी समोर बघितलं. गौरी तोंडाशी हात धरून उभी होती.

"भिंत डावी!" झुमुर डावीकडची भिंत चुकवायला सरकली. भिंत नव्हतीच. उजवीकडून वाऱ्यासारखी पोरगी आत. बास्केट. "कडेला!" पुन्हा पाय गेले. "सोड!" पुन्हा गेले. पोरींच्या डोक्याला कळत होतं हो, की ही हाक खोटी आहे, पण डोक्याला विचारतंय कोण? पायांना तेच तर शिकवलं होतं. काकूंनी, त्याच कोर्टावर, त्याच आवाजात.

काकू उठल्या आणि सरळ रेफरीवर चाल करून गेल्या. "ही फसवणूक आहे! ती माझ्या पोरींच्या हाका देतेय!"

रेफरी चक्रावला. "कौन सी भाषा है?"

"मराठी!"

"मॅडम, मुझे क्या मालूम वो क्या बोल रही है? बेंच से सब चिल्लाते हैं. बैठिये."

"तुला नाही मालूम? मला मालूम आहे ना!" आणि पुढे जे काही मिरजेचं अस्सल निघालं, त्यातला शब्द त्याला कळला नाही, पण सूर कळला. त्याने काकूंवर टेक्निकल फाउल लावला. तिकडच्यांना आयता थ्रो. मधुकररावांनी हाताला धरून त्यांना मागे आणलं.

मधल्या सुट्टीत पोरी भोवती जमल्या. कुणी पाणी पीत नव्हतं.

"तिचं ऐकू नका," काकू म्हणाल्या. "कुणाचंच ऐकू नका. फक्त बघा."

टुम्पाने विचारलं, "मग एकमेकींना सांगायचं कसं?"

"सांगू नका. तोंड बंद."

तोंड बंद करून बचाव होतो का? पाच भिंती वेगवेगळ्या उभ्या केल्या तर घर होतं का? पोरी मुक्याने खेळल्या. पाठीमागून कोण येतंय हे बघायला माना वळवत राहिल्या आणि मान वळली की समोरची निसटायची. तरीही झोंबल्या, गुडघे फुटले, एकही रडली नाही. शेवटी फरक फार नव्हता. पण हार ती हार.

दिलीपदा जवळ आले. चांगला माणूस आहे, खोटं बोलणार नाही, खरंही वेळेवर बोलणार नाही. "दीदी, गौरी दो महीने से उनके साथ है. आप नहीं जानती थीं?"

म्हणजे सगळ्या क्लबला माहीत होतं. केदारला तर असणारच. महिन्याभरापूर्वी गणपतीत मंडळात काकूंच्या हातचे मोदक खाताना, "वहिनी, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही" म्हणणारा केदार.

नळावर गौरी तोंड धूत होती. काकू मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"गौरी."

"काकू, प्लीज. इथे नको."

"मग कुठे? काल फोनवर बरं चाललं होतं तुला."

"मी चीटिंग नाही केलं. बेंचवरून ओरडता येतं. आवाज हाही बचाव आहे, तुम्हीच म्हणायचात."

"आपल्या माणसांसाठी गं! केसाने गळा कापलास या पोरींचा. संध्याकाळ गेली त्यांची, कळतंय का तुला?"

गौरी वळली. तिचेही डोळे लाल होते, पण मान ताठ. "आपली माणसं? मला तिथे कोच म्हणतात, काकू. इथे मी कोण होते? ए गौरी, हाका दे. ए गौरी, शंकू उचल. टुम्पा माझ्यानंतर आली, तिला कॅप्टन केलंत. मला एकदा विचारलंत?"

"तुझे पाय चालत नाहीत, त्याला मी काय करू?"

"बघा. हेच. सगळ्यांसमोर हेच बोलायचात."

काकूंनी वाहता नळ बंद केला. म्हणाल्या, "काल सांगायचं होतंस मला. मी सगळा डाव तुझ्या पदरात टाकला."

"तुम्ही विचारलंच नाही मी कुठे आहे ते. तुम्ही बोलतच होता."

"बरं. मी चुकले. जायचं होतं, जायचंस. पण माझी मराठी तरी वापरायची नाहीस त्यांच्यासाठी."

"दुसरी मला येते कुठे?" गौरी म्हणाली आणि निळ्या पोरींच्या घोळक्यात गेली.

त्या संध्याकाळी माजेरहाटच्या फलाटावर काकू नेहमीसारख्या उभ्या होत्या. टुम्पा एवढंच म्हणाली, "दीदी, तुम्ही म्हणाला होता, शब्द आला की पाय. शब्दच खोटा निघाला तर?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काकूंनी गौरीकडे ज्या नजरेने बघितलं होतं, त्याच नजरेने ही पोर त्यांच्याकडे बघत होती. गाडी सियालदहकडून आली, पोरी चढल्या. एकीनेही खिडकीतून हात हलवला नाही.

पुढच्या आठवड्यात पोरी येणार नाहीत, असं मधुकररावांना वाटलं होतं. आल्या. सगळ्या नाही, पण टुम्पा आली, रेश्मा आली, झुमुर आली. फाटकाला आतून कडी. भिंतीपलीकडे बॉल आपटल्याचा आवाज, कोरे बूट सिमेंटवर घासल्याचा आवाज, आणि त्यांवर गौरीचा आवाज. ती अकॅडमीच्या पोरींना शिकवत होती. शब्द न शब्द काकूंचा. अगदी "आळशी कुठली!" सुद्धा.

"भिंत डावी!" भिंतीपलीकडून हाक आली.

बाहेर फुटपाथवर, चहाच्या टपरीशेजारी, टुम्पाचे पाय डावीकडे सरकले. तिने खाली पायांकडे बघितलं आणि मग काकूंकडे.

"उद्यापासून दुसऱ्या हाका," काकू म्हणाल्या. "आणि या वेळी हाक कुणाची ते आधी बघायचं. मी दिली तरी."

"खेळायचं कुठे, दीदी?"

तेव्हापासून काकू कोर्ट शोधतायत. एका शाळेने बाहेरच्या मुली नकोत म्हणून सांगितलं, दुसऱ्या क्लबने कमिटीवर ढकललं. टुम्पाच्या आईने थोडे दिवस कळ काढायचं कबूल केलंय, थोडेच. कोर्ट नाही तर गाडीचा पास कशाला, हा तिचा प्रश्न. तो चुकीचाही नाही.

आता तुमच्याकडे वळतो, कारण हे वाचणारे तुम्ही कोण, हे चांगलं ठाऊक आहे. कोलकात्यातली मराठी माणसं, बँकेच्या, केंद्र सरकारच्या, मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉलन्यांमध्ये राहणारे तुम्ही. तुमच्या कॉलनीत एक बास्केटबॉलचं कोर्ट आहे. रिंग गंजलीय, जाळी कधीच गेलीय, दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू एका कोपऱ्यात पडलेत आणि उरलेल्या जागेत तुम्ही गाड्या लावता. मंडळाच्या कार्यक्रमात मराठी टिकली पाहिजे म्हणून भाषणं ठोकता. ती बजबजच्या पोरींच्या तोंडात टिकली होती हो, आणि आपल्यातल्याच एकीने ती त्यांच्यावर उलटवली. केदारला जाब विचारा असं सांगत नाही, तेवढी धमक तुमच्यात नसेल. एवढंच करा: संध्याकाळी अंधार पडायच्या आत तासभर त्या कोर्टावरून आपली गाडी काढा, आणि गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा की बेहालाच्या सबनीसबाई बजबजच्या पोरींना घेऊन आल्या, तर त्यांना आत सोड.